फॉरमॅट मारलं तरी तेच दुखणं परत येतंय? आधी हे बघा

"मागच्या दिवाळीलाच फॉरमॅट मारलं होतं की, परत हँग व्हायलंय." उदगीर असो, सेलू असो की माजलगाव, दुरुस्तीच्या दुकानात सीपीयू काउंटरवर ठेवता ठेवता गिऱ्हाईक हेच म्हणतं. आणि लगेच पुढचं: "एकदा विंडो मारून द्या, संध्याकाळी नेतो." संध्याकाळी मशीन पळायला लागतं, पैसे दिले जातात आणि पुढची पेरणी यायच्या आत तेच मशीन पुन्हा त्याच काउंटरवर दिसतं.

हे लिखाण अशा परत-परत येणाऱ्या कम्प्युटरबद्दल आहे. फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. नीट बसवलेली विंडोज एका मशीनवर चार-पाच वर्षं सहज चालते. दर काही महिन्यांनी फॉरमॅट लागत असेल तर बिघाड बहुतेक विंडोजमध्ये नसतोच. तो डिस्कमध्ये असतो, रॅममध्ये असतो, दुकानाच्या वायरिंगमध्ये असतो, लोकांच्या पेनड्राइव्हमध्ये असतो किंवा ज्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकली त्यातच असतो. फॉरमॅटने तो काही दिवस झाकला जातो एवढंच.

म्हणून माझा पहिला प्रश्न "काय होतंय" हा नसतो. स्लो आहे, हँग होतं, निळा स्क्रीन येतो, हे सगळेच सांगतात आणि त्यावरून फार काही कळत नाही. मी विचारतो, मागचा फॉरमॅट मारल्यावर किती दिवस नीट चाललं?

परत यायला लागलेल्या दिवसांवरून अंदाज

विंडोज टाकतानाच अडकलं किंवा त्याच दिवशी निळा स्क्रीन आला, तर रॅम, डिस्क किंवा इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह, या तिघांपैकी एक. आठवडाभरात ब्राउझरमध्ये नको त्या जाहिराती, अँटीव्हायरस आपोआप बंद, फोल्डरांचे शॉर्टकट, असं सुरू झालं तर क्रॅक (लायसन्स न घेता विंडोज चालवणारा चोरटा ॲक्टिव्हेटर) किंवा डी ड्राइव्हमध्ये राहिलेला व्हायरस. बरोब्बर सहा महिन्यांच्या आसपास कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" आलं तर त्याचं कारण वेगळंच आहे, खाली लिहिलंय. आणि काही ठरावीक मुदत नसताना, लाइट गेल्यावर किंवा ऐन उन्हाळ्यात मशीन बसत असेल, तर विंडोजला हातसुद्धा लावू नका, आधी पॉवर आणि उष्णता बघा.

हा अंदाज प्रत्येक वेळी खरा ठरेल असं नाही. पण तपासायला कुठून सुरुवात करायची ते कळतं, आणि ती सुरुवात चुकली की पुढचे दोन तास वाया जातात.

लाइट

आपल्याकडे सगळ्यात जास्त कम्प्युटर यानेच बिघडतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि याचं नाव कोणी घेत नाही. रब्बीत मोटारी चालू झाल्या की गावातलं व्होल्टेज खाली जातं, संध्याकाळी एकदम वर येतं. मधेच दोन सेकंद लाइट जाते आणि येते. ट्यूबलाइट फक्त मिचकावते, पण त्याच क्षणी विंडोज अपडेट लिहीत असेल तर सिस्टिमची फाइल अर्धवट राहते. असं चार-सहा वेळा झालं की मशीन "ऑटोमॅटिक रिपेअर"च्या फेऱ्यात अडकतं. मग फॉरमॅट. मग परत तेच.

खात्री करायला इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. तिथं "कर्नल पॉवर" आणि क्रमांक ४१ अशा नोंदी दिसतील. मशीन नीट बंद न होता एकदम बंद पडलं की पुढच्या वेळी सुरू होताना ही नोंद पडते. महिन्यात एखादी असेल तर सोडून द्या. रोज एक-दोन असतील तर तुमचा आजार सापडला.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत दमते, पण यूपीएसचा हिरवा दिवा लागतच राहतो. मशीन चालू ठेवून भिंतीतला प्लग काढून बघा. लगेच बंद पडलं तर तो यूपीएस नुसता एक्स्टेन्शन बोर्ड उरला आहे. बॅटरी बदला, अख्खा यूपीएस टाकून द्यायची गरज नसते.

घरच्या इन्व्हर्टरवर कम्प्युटर लावला असेल तर इन्व्हर्टरवर एक कळ शोधा. बऱ्याच मॉडेलांना यूपीएस मोड आणि इको किंवा नॉर्मल मोड असे दोन पर्याय असतात. इकोमध्ये इन्व्हर्टर कमी-जास्त व्होल्टेज तसंच पुढे सोडतो आणि लाइट गेल्यावर बदली व्हायला वेळ घेतो. पंख्याला ते चालतं, कम्प्युटर रिस्टार्ट होतो. कळ यूपीएसवर करा.

आणखी एक. कॅबिनेटला हात लावल्यावर चिमटा बसत असेल तर अर्थिंग नाही. दोन पिनच्या बोर्डात तीन पिनचा प्लग घुसवलेला असतो, किंवा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. जास्त असेल तर आधी ते काम. एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय), पेनड्राइव्ह, प्रिंटरचे पोर्ट, सगळं याच्यापायी जातं.

लॅपटॉपवाले म्हणतील आमचा काय संबंध. बॅटरी मेलेला, चार्जरवरच चालणारा लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉपच झाला.

डिस्क

यूपीएस ठीक असेल तर दुसरा संशय डिस्कवर. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते चालवा. वर "गुड", "कॉशन" किंवा "बॅड" असं दिसतं. पण नुसतं "गुड" बघून थांबू नका, खालच्या यादीतल्या ओळी वाचा. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडकणारे, बदलीच्या रांगेतले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. शेवटच्या रकान्यात या तिघांसमोर शून्य पाहिजे. सी५मध्ये आकडा असेल तर ती डिस्क फॉरमॅटने सुधारत नाही. फॉरमॅटनंतर काही दिवस बरी वाटते, कारण विंडोजच्या फाइली नव्या जागी लिहिल्या जातात. पुन्हा खराब जागेवर पोचल्या की जुनं दुखणं सुरू.

सी७ या ओळीत मात्र मोठा आकडा असेल तर डिस्कला दोष देऊ नका. तो डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदला, आकडा वाढायचा थांबतो. जुना आकडा तसाच दिसत राहतो, त्याला घाबरू नका.

इथं एक समज खोडून काढायलाच पाहिजे. "माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, सेफ आहे." सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत. डिस्क गेली की दोन्ही जातात. डेटा वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर असेल तरच तो सेफ.

डिस्क निरोगी आहे, पण साधी फिरणारी हार्ड डिस्क आहे, आणि टास्क मॅनेजरमध्ये "डिस्क १०० टक्के" दिसतंय? मग हा आजारच नाही. विंडोज १० आणि ११ त्या डिस्कवर असेच चालतात, विशेषतः लॅपटॉपमधल्या ५४०० आरपीएमच्या डिस्कवर. फॉरमॅटनंतर चार दिवस हलकं वाटतं, कारण अपडेट अजून सुरू झालेले नसतात. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाका. फॉरमॅटच्या दोन-तीन मजुऱ्यांत छोट्या एसएसडीचा बराचसा खर्च निघाला असता, हे गिऱ्हाइकाला सांगायला दुकानदार का लाजतात ते मला कळत नाही.

रॅम, धूळ, सेल

रॅमसाठी स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" शोधून चालवा. त्यात काही निघालं नाही आणि तरी संशय असेल तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. एकही चूक आली तर रॅमची पट्टी काढून, सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसून, परत बसवून पुन्हा तपासा. खोडरबराची थट्टा करू नका. आपल्याकडच्या धुळीत निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं.

परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, पत्र्याचं दुकान, आणि कॅबिनेटच्या पंख्यावर जिनिंगच्या कापसाचा थर. प्रोसेसर तापला की आधी गती कमी करतो, मग मशीन बंद करतो. ब्लोअर मारा, थर्मल पेस्ट बदला. सकाळी नीट आणि दुपारी स्लो, अशी तक्रार असेल तर हेच आहे.

आणि एक गंमत. "कोणतीच वेबसाइट उघडंना, फॉरमॅट मारा" म्हणून आलेल्या मशीनची आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटवर "कनेक्शन प्रायव्हेट नाही" म्हणतो. डिजिटल सहीसुद्धा चालत नाही. चणे-फुटाण्यांच्या भावात मिळणारा सेल, आणि त्यासाठी अख्खं मशीन पुसलं जातं.

क्रॅक

आता तो सहा महिन्यांचा प्रश्न. बाजारातले बरेच ॲक्टिव्हेटर केएमएस नावाच्या पद्धतीची नक्कल करतात. ही पद्धत मोठ्या ऑफिसांसाठी आहे. तिथं कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, मशीन मधूनमधून सर्व्हरला भेटून मुदत वाढवून घेतं. तुमच्या दुकानात असा सर्व्हर नसतो. अँटीव्हायरसने ॲक्टिव्हेटरची फाइल उडवली की मुदत वाढत नाही, १८० दिवस भरले की सूचना येते. गिऱ्हाइकाला वाटतं विंडोज खराब झाली.

याहून वाईट म्हणजे क्रॅक चालवायला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, बंद करावा लागतो किंवा एखादं फोल्डर तपासणीतून वगळावं लागतं. म्हणजे घरात येणाऱ्याची झडती घ्यायची नाही असं तुम्हीच ठरवलंत. "लाइट", "सुपर फास्ट" अशा नावाने फिरणाऱ्या काटछाट केलेल्या विंडोजचंही तेच. त्यातून अपडेट काढून टाकलेले असतात आणि आत काय घातलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

यात सगळ्यात वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. गेल्या दहा-बारा वर्षांतले ब्रँडेड लॅपटॉप, जे विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या विंडोजसह विकले गेले, त्यांची की (लायसन्सचा क्रमांक) मदरबोर्डच्या बायोसमध्येच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या चिपमध्येच असते. ओरिजिनल विंडोज टाकली की सेटअप ती की स्वतः वाचतो आणि इंटरनेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतो. पण ती की बहुतेक वेळा "होम सिंगल लँग्वेज"ची असते, आणि दुकानात सगळ्यांना सरसकट "प्रो" टाकतात. मग ती ॲक्टिव्हेट होत नाही, म्हणून क्रॅक. मालकाने पैसे मोजून घेतलेलं लायसन्स तसंच पडून राहतं. दुकानदाराला ठणकावून सांगा: "जी आली होती तीच टाका."

लायसन्स नसलेल्या जुळवलेल्या मशीनवर ॲक्टिव्हेट न केलेली विंडोजही चालते. वॉलपेपर बदलता येत नाही, कोपऱ्यात अक्षरं दिसतात, अपडेट मात्र येतात. लायसन्स घेईपर्यंत क्रॅकपेक्षा ते परवडलं.

पुसायच्या आधी काय काय उचलायचं

वरचं सगळं तपासलं, दुरुस्त केलं, आणि तरी विंडोज मुळातून बिघडली असेल किंवा व्हायरस शिरला असेल, तर आता पुसायला हरकत नाही. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो हे चारही सी ड्राइव्हमध्येच असतात हे लक्षात घ्या. "मी सीमध्ये काही ठेवत नाही" म्हणणाऱ्याचा डेस्कटॉप उघडून बघा, वॉलपेपर दिसत नसतो.

टॅली वापरत असाल तर दोन कामं. कंपनीचा डेटा नेमका कुठं आहे ते टॅलीतच डेटा पाथ उघडून बघा, अंदाजाने फोल्डर उचलू नका. आणि लायसन्स सरेंडर करा. न करता पुसलंत तर नव्या विंडोजवर ॲक्टिव्हेट करताना अडथळा येतो आणि मार्च महिना असेल तर मग काही बोलूच नका.

फॉन्ट. हे मराठवाड्यात हमखास विसरतं. ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेचे दाखले, वकिलांचे मसुदे, लग्नपत्रिकांचे मजकूर अजूनही श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टात आहेत. फॉरमॅटनंतर त्या फाइली उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि लोक "फाइली करप्ट झाल्या" म्हणून रडकुंडीला येतात. फाइली शाबूत असतात, फॉन्ट गेलेला असतो. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर उचलून ठेवा. ज्या सॉफ्टवेअरला डाँगल (पोर्टला लावायची लायसन्सची किल्ली) आहे त्याची सेटअप सीडीही आधी शोधून ठेवा. डाँगल असतो, सीडी नसते, असंच बहुतेक ठिकाणी असतं.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी डिजिटल सहीच्या टोकनची काळजी करू नये. सही टोकनच्या आत असते, फॉरमॅटने जात नाही. फक्त ड्रायव्हर नव्याने टाकावा लागतो. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये "इनिशियलाइझ" असं बटण दिसलं तर मात्र त्याला बोट लावू नका, त्याने टोकनच कोरं होतं. बोटाच्या ठशाच्या मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधारसाठी ठसा पाठवणारं सॉफ्टवेअर), जीएसटीचं ईएमसाइनर (डिजिटल सही करायचं सॉफ्टवेअर), प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर हे सगळं फॉरमॅटच्या आधीच डाउनलोड करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. जुलैच्या शेवटी पीक विम्याची रांग लागलेली असताना ड्रायव्हर शोधत बसायची वेळ येऊ नये. खरं तर त्या दिवसांत आणि जूनमधल्या दाखल्यांच्या गर्दीत चालू मशीन पुसायलाच घेऊ नका.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आउटलुक असेल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल, हेही बघा. आणि सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. ती न लिहिता बायोसमध्ये बदल केलेत तर पुढच्या वेळी मशीन तीच मागत बसेल.

काय उचललं याची खात्री दुसऱ्या कम्प्युटरवर चार फाइली उघडून करा. नुसते फोल्डर दिसले म्हणजे आत डेटा आला असं नाही, शॉर्टकट व्हायरस असेल तर तुम्ही नुसते शॉर्टकट उचललेले असाल.

पुसणं आणि टाकणं

किमान ८ जीबीचा, चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि त्यानेच पेनड्राइव्ह बनवा. त्यावरचं सगळं जातं, आधी रिकामा करा. हे काम आजारी मशीनवर करू नका. विंडोजची आयएसओ फाइल (अख्खी सीडी एका फाइलीत) असेल तर रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरा आणि पार्टिशनसाठी, म्हणजे डिस्कचे भाग पाडायला, जीपीटी ही नवी पद्धत, टार्गेटसाठी यूईएफआय, म्हणजे नव्या धर्तीचं बायोस निवडा. फारच जुनं मशीन असेल तर एमबीआर ही जुनी पद्धत.

मशीनमध्ये दोन डिस्क असतील, म्हणजे नवी एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क, तर जुनीची केबल काढून ठेवा. ही सूचना लोक उडवून लावतात. केबल राहिली तर कधी कधी विंडोज एसएसडीवर बसते आणि बूटच्या फाइली जुन्या डिस्कवर जातात. वर्षभराने जुनी डिस्क मरते आणि एसएसडीवरची धडधाकट विंडोज सुरूच होत नाही. मग काय होतं? फॉरमॅट.

सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल, लेनोवो, एसरला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असूसला एस्केप किंवा एफ८. मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो निवडा.

पार्टिशनच्या पानावर आल्यावर खरा निर्णय असतो. नुसतं सी फॉरमॅट करून डी तसाच ठेवला की डीमधला व्हायरस टिकतो, तुम्ही सवयीने डीमधल्या फोल्डरवर दोनदा क्लिक करता आणि तो परत सीमध्ये उतरतो. डेटा बाहेर काढलेला असेल तर सगळी पार्टिशनं एकेक करून डिलीट करा, पूर्ण डिस्क "अनॲलोकेटेड" दिसू द्या आणि तीच निवडून पुढे जा. लहान-लहान पार्टिशनं विंडोज स्वतः बनवते. दोन ड्राइव्ह हवेच असतील तर न्यूवर क्लिक करून आकडा एमबीमध्ये द्या, १५० जीबीसाठी १५३६००.

डेटा सगळा आला की नाही याची शंका असेल तर थांबा. डिलीट आणि फॉरमॅट दोन्ही न करता सी निवडून विंडोज टाकली तर जुन्या फाइली "विंडोज डॉट ओल्ड" या फोल्डरमध्ये राहतात. व्हायरसच्या बाबतीत हा उपाय नाही, पण हरवलेला डेटा शोधायला आहे. साध्या हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट झालं तर मशीन तिथंच बंद करा, डेटा बराचसा परत मिळू शकतो. एसएसडीवर ती आशा जवळपास नसते, कारण पुसलेल्या जागा ती स्वतःच मोकळ्या करून टाकते.

मध्येच अडकलं तर

"या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, जीपीटी आहे" किंवा "एमबीआर आहे" असं आलं तर पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू झाला ती आणि डिस्कची पद्धत जुळत नाही. पुन्हा सुरू करून योग्य नोंदीवरून बूट करा. सगळं पुसायचंच असेल तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा आणि डिस्कपार्ट या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन "लिस्ट डिस्क" बघा, आकारावरून डिस्क ओळखा, ती "सिलेक्ट" करा, मग "क्लीन", मग "कन्व्हर्ट जीपीटी". हे शब्द अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. क्लीन म्हटल्यावर तो दुसऱ्यांदा विचारत नाही. चुकीचा क्रमांक निवडला तर तुमची बॅकअपची डिस्क कोरी होईल, म्हणून ती आधी काढून ठेवा.

डिस्कच दिसत नाही? ११व्या पिढीच्या किंवा त्यानंतरच्या इंटेल लॅपटॉपमध्ये हे नेहमीचं आहे. डिस्क खराब नसते. इंटेलचा आरएसटी, म्हणजेच व्हीएमडीचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्या पानावरच्या "लोड ड्रायव्हर"ने दाखवा. डिस्क लगेच दिसते.

कॉपी होता होता ०५७०ने संपणारा एरर आला तर फाइल वाचता येत नाही असा त्याचा अर्थ. दुसऱ्या पेनड्राइव्हवर नव्याने बनवा, दुसऱ्या पोर्टला लावा. तरी तोच आला तर रॅम आणि डिस्कचा भाग परत वाचा.

विंडोज ११ शेवटच्या टप्प्यात इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि वायफायचा ड्रायव्हर नसतो, अशी कोंडी झाली तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन वायफायवर असला तरी चालतं. याला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

इथं खातं कोणाचं टाकलं जातंय ते बघा. दुकानदार स्वतःचा ईमेल टाकून पुढे जातो, तुम्ही मशीन घरी नेता. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने बसवलेल्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाते. म्हणजे तुमच्या कुलपाची किल्ली दुकानात. खातं तुमचंच हवं आणि पासवर्ड तुम्हाला पाठ हवा.

विंडोज १० की ११

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन ११ला पात्र असेल तर ११च टाका. त्यासाठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट चालवू शकणारं यूईएफआय, ४ जीबी रॅम आणि साधारण ८व्या पिढीचा इंटेल किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. टीपीएम अनेकदा बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो, चालू करून बघा. जुनी तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेकंडहँड मशीनं रुफसच्या आडवाटेने ११ घेतात, पण मायक्रोसॉफ्ट त्यांची हमी घेत नाही. कोअर टू ड्युओवर २४एच२ सुरूच होत नाही, तिथं वेळ घालवू नका. फक्त ब्राउझर आणि पत्रं टाइप करायची असतील तर लिनक्स मिंट छान चालतं, पण टॅली आणि सहीचं टोकन असलेल्या दुकानात त्याच्या नादी लागू नये.

टाकून झाल्यावर

आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, दोन-तीनदा रिस्टार्ट मागेल. उरलेले ड्रायव्हर लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून त्याच कंपनीच्या साइटवरून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका, त्यांच्यासोबत नको ते घरात येतं. बाहेरच्या डिस्कवरचा डेटा परत घ्यायच्या आधी डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइली आणि फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग करा. फोल्डरच्या चित्रामागे लपलेली ईएक्सई फाइल मग लगेच ओळखू येते.

जिथं दिवसभर लोक पेनड्राइव्ह आणून प्रिंट काढतात तिथं ऑटोप्ले बंद ठेवा, आणि काउंटरवरच्या मुलासाठी ॲडमिन नसलेलं वेगळं खातं बनवा. जमेल तिथं फाइल पेनड्राइव्हऐवजी ईमेलवर मागवा.

जुनी डिस्क किंवा जुनं मशीन विकणार असाल तर नुसत्या फॉरमॅटवर विसंबू नका. सेवा केंद्राच्या डिस्कवर गावातल्या लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, सातबारे पडलेले असतात. साध्या हार्ड डिस्कसाठी डिस्कपार्टमध्ये "क्लीन"ऐवजी "क्लीन ऑल" द्या. तो प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. तेवढा वेळ यूपीएस टिकणार नाही हे गृहीत धरा. मध्ये लाइट गेली तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून लावायचं.